नगरपरिषद : दाराशी असलेले राज्य



राज्यकारभार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई आणि दिल्ली उभी राहते. परंतु नळाला पाणी केव्हा येणार, गल्लीतील नाली कोण उपसणार, खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागेवर उद्या काय उभे राहणार, हे प्रश्न येऊन थांबतात ते नगरपरिषदेच्या दाराशी. यवतमाळ जिल्ह्याला हे नवे नाही. वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे ते मुख्यमंत्री असताना १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम झाला. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, घाटंजी या साऱ्या नगरपरिषदांचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

१ जून १९९३ रोजी ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नोंदले गेले. नगररचना, पाणीपुरवठा, आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा असे सारे काही त्यात आहे. कर्तव्यांची यादी अशी विस्तारत असतानाच, १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. जकात ही जाचक होती, भ्रष्टाचाराला वाव देणारी होती, हे खरेच. परंतु नाक्यावर रोज जमा होणारा तो पैसा नगरपरिषदेच्या हक्काचा होता. त्याच्या जागी आले शासनाचे सहायक अनुदान. हक्काच्या उत्पन्नात मुख्यतः मालमत्ता कर उरला. त्याची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा. पण करवाढीचा विषय निघाला की कोणत्याही पक्षाचा नगरसेवक मतदाराकडे पाहून कचरतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

याचा परिणाम असा, की नवे काम योजनेच्या निधीतून उभे राहते. देखभालीला मात्र पैसा नसतो. सिमेंटच्या रस्त्याचे भूमिपूजन थाटात होते आणि त्याच रस्त्याकडेची नाली पावसाळ्यापूर्वी उपसली जात नाही.

यवतमाळ शहराचे उदाहरण बोलके आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,१६,५५१ होती. नंतर हद्दवाढ झाली आणि लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर यांसारखी लगतची गावे शहरात आली. ग्रामपंचायतीच्या काळात वाढलेल्या या वस्त्यांचे रस्ते, नाल्या आणि कचरा यांचा भार एकाएकी नगरपरिषदेवर पडला. पाण्याची व्यवस्था आणखी निराळी. शहराला पाणी पुरविते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. जाब मात्र विचारला जातो नगरसेवकाला. २०१७च्या अपुऱ्या पावसानंतर निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि २०१८चा उन्हाळा यवतमाळकरांनी टँकरच्या रांगेत काढला. बेंबळा प्रकल्पातून शहराला पाणी आणण्याची योजना केंद्राच्या अमृत अभियानातून हाती घेण्यात आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, २२ जुलै २०२३ रोजी, मुसळधार पावसाने वाघाडी नदीचे पाणी शहरातील घरांत शिरले. ज्या शहराने थेंबासाठी रांगा लावल्या, तेच पाण्यात बुडाले. निसर्ग लहरी आहे हे मान्य. परंतु पावसाला वाट देणारे नदी-नाले मोकळे राखणे हे तर माणसाचे काम आहे.

पुनर्विकासाचा प्रश्न येथेच सुरू होतो. प्रत्येक नगरपरिषदेला विकास आराखडा करावा लागतो. त्यात शाळा, उद्यान, भाजीबाजार, क्रीडांगण यांसाठी जागा आरक्षित होतात. पण नगररचना अधिनियमाचे कलम १२७ काय सांगते? अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे अन्यायाचेच. म्हणून ही तरतूद योग्यच आहे. परंतु नगरपरिषदेकडे मोबदल्याला पैसा नसतो. पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय आहे. मात्र उंच इमारतींना फारशी मागणी नसलेल्या लहान गावात ते प्रमाणपत्र विकत घेणार कोण? एकेक आरक्षण असे गळत गेले, तर पुढच्या पिढीला मैदान केवळ नकाशात पाहावे लागेल.

आणि यावर लक्ष ठेवायचे कोणी? २०१६च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर निवडणुका न्यायालयीन वादात रखडल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत सुमारे चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. अधिकारी कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी तो बदलून जातो. प्रभागातील माणसाला प्रश्न विचारण्याची जागाच त्या काळात उरली नव्हती. त्यातच घटनेने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या ३ लाख लोकसंख्येच्या शहरांपासून पुढे. म्हणजे लहान गावात नागरिक आणि सभागृह यांना जोडणारा दुवा समाजानेच उभा करावयाचा आहे.

तो दुवा होणे ही सुजाण कुटुंबांची आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे. कर वेळेवर भरावा आणि भरलेल्या कराचा हिशेब मागावा; पहिल्याशिवाय दुसऱ्याला नैतिक बळ येत नाही. अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी आपल्या नगरसेवकाला भेटून देखभालीसाठी किती तरतूद आहे, ते विचारावे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. ते उलटून गेल्यावर केलेल्या मोर्चाचा उपयोग नसतो. आपल्या प्रभागात कोणती जागा कशासाठी राखलेली आहे आणि तिची १० वर्षे केव्हा भरतात, याची यादी २००५च्या माहिती अधिकार कायद्याने मिळविता येते. प्रत्येक प्रभागात पाच माणसांनी एवढे काम अंगावर घेतले, तरी सभागृहाला आपल्यावर कोणाची तरी नजर आहे याची जाणीव राहील.

निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, नाली मात्र दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी उपसावी लागते. लोकप्रतिनिधी निवडून दिले, म्हणजे आपले काम संपले असे नव्हे. ते तेथून सुरू होते.