तीस गोळ्यांचा हिशेब

मिरज जंक्शनला उतरून रिक्षावाल्याला नुसते ‘मिशन’ म्हटले, तरी पुरते. कुठले मिशन, असे तो विचारत नाही. विजापूर, बागलकोट, बेळगावकडच्या घरांत ‘मिरजेला दाखवून या’ हा सल्ला आजोबांच्या काळापासून चालत आला आहे. सतारी आणि डॉक्टर या दोन गोष्टींसाठी मिरजेची वाट सगळ्यांना ठाऊक. सतारी आधी की डॉक्टर आधी, यावर मिरजकर अजूनही वाद घालतात, तो त्यांच्यावरच सोडलेला बरा.

मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचे मिशन रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा सुरू झाली. अशा संस्थेच्या इतिहासात शस्त्रक्रियांचे आकडे सांगायची पद्धत आहे. पण वानलेस यांची खतावणी कशी चालत होती, हे त्याहून रंजक आहे. ज्याला परवडते त्याने फी द्यायची, ज्याला परवडत नाही त्याचे मोफत करायचे, आणि उरलेले खिंडार मिशनच्या देणग्यांनी बुजवायचे. संस्थानिक, व्यापारी, सावकार यांच्या फीवर शेतमजुराचा मोतीबिंदू निघत होता.

हे गणित जमण्याचे एक कारण त्या काळच्या दुखण्यांत होते. मोतीबिंदू, मुतखडा, हर्निया ही एकदाच येण्याची कामे. पेशंट बैलगाडीने येई, ऑपरेशन होई, टाके निघाले की घरी जाई. पैसेही एकदाच लागत. रुग्णालयाचा खर्च आणि पेशंटचा उपकार दोन्ही एका मुक्कामात फिटत. या व्याख्यानात पुढे जे सांगायचे आहे, त्याची मेख इथेच आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेची तिजोरी अजूनही त्या एका मुक्कामासाठी बांधलेली आहे, आणि दुखणी मात्र कायमची वस्तीला आली आहेत.

तिजोरी आणि दुखणे यांची ताटातूट या भागाने याआधीही पाहिली आहे. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. आज तिथे घरे, दुकाने आणि रहदारी आहे. पण नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांनी तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले होते. तिकडे पाचगणीला डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ सुरू केले. कोरडी हवा, ऊन, दूध, अंडी आणि विश्रांती हाच तेव्हा क्षयाचा इलाज. पेशंट महिनोन्‌महिने राहत, म्हणून खाटा भरपूर, व्हरांडे लांबलचक. मग औषधे आली. १९५९ मध्ये मद्रासमधल्या अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून गोळ्या घेणारा क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. या एका निष्कर्षाने जगभरच्या आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. इमारती उभ्याच होत्या, त्यांचा रोग मात्र निघून गेला होता.

बेल-एअर बंद पडले नाही. रेडक्रॉसच्या झेंड्याखाली ते चालत राहिले आणि पुढे एचआयव्हीची साथ आल्यावर ज्यांना घरचेही दाराबाहेर ठेवत होते, अशा रुग्णांसाठी त्याने दारे उघडली. लांब मुक्कामाची, धीराने शुश्रूषा करण्याची सवय तिथल्या भिंतींना होतीच. मिरजेच्या मिशनची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. परदेशी मदत आटत गेली, आजूबाजूला खासगी रुग्णालयांची दाटी झाली, फी देणारा पेशंट तिकडे वळला आणि मोफतवाला तेवढा इकडे राहिला. श्रीमंताच्या फीवर गरिबाचा उपचार, हे सूत्र श्रीमंत पेशंट निघून गेला की मोडते. वानलेस यांचे रुग्णालय आर्थिक ओढगस्तीत सापडले, त्याला एखाद्या माणसाची चूक शोधत बसण्यापेक्षा हे सूत्र पाहावे.

मिशननंतर या भागात पैशाचा दुसरा झरा फुटला, तो उसाचा. कऱ्हाडला जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने कृष्णा रुग्णालय आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्यामागे रेठऱ्याच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या परिसराचे बळ होते. सहकाराने शाळा काढल्या, कॉलेजे काढली, तशी रुग्णालयेही काढली. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाचे अर्थकारण बाहेरच्याला पटकन कळत नाही. तिथे विद्यार्थ्याची फी हे मुख्य उत्पन्न असते आणि कॉलेजची मान्यता टिकवायला खाटा भरलेल्या दाखवाव्या लागतात. म्हणून गावोगाव शिबिरे, मोफत तपासणी, सवलतीत ऑपरेशन. पेशंटला वाटते आपल्यावर उपकार झाले. खरे तर दोघांनाही एकमेकांची गरज असते, आणि यात वाईट काहीच नाही.

तिसरा झरा सरकारचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखांचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांची ठरावीक दरांची पॅकेजे आहेत. पेशंटने आपली कागदपत्रे दाखवायची आणि रुग्णालयाने सरकारकडे दावा करायचा. या योजनेने हजारो घरांची जमीन गहाण पडण्यापासून वाचवली, हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा.

हृदयविकाराचा झटका आल्यावर योजना स्टेंटचे पैसे देते. झटका येऊ नये म्हणून दहा वर्षे जी रक्तदाबाची गोळी घ्यायची, तिचे पैसे या पॅकेजांत नाहीत. मूत्रपिंड निकामी झाले की आठवड्याला दोन-तीनदा, दर खेपेला चार-चार तास चालणाऱ्या डायलिसिसला पैसे आहेत. त्याआधीच्या वीस वर्षांच्या साखरेला नाहीत. पैसा नदीच्या मुखाशी उभा आहे आणि दुखणे उगमापाशी सुरू होते.

यात वयाचा मुद्दा मिसळा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६ टक्के. सातारा जिल्ह्यात ही म्हातारपणाची सावली अधिक गडद दिसते, कारण पाटण, जावळीतला तरुण मुंबईला गेला. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. मस्जिद बंदर आणि नवी मुंबईच्या बाजारपेठांनी या डोंगरातली माणसे नेली आणि मनीऑर्डरी पाठवल्या. गावात राहिली ती आई, तिचा बीपी आणि तिची गुडघेदुखी. मुलगा गणपतीला आला की एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवतो. दिवाळीपर्यंत त्या संपतात, किंवा बरे वाटते म्हणून म्हातारीच बंद करते.

याच सातारा जिल्ह्यात या प्रश्नाला भिडणारा एक प्रयत्न झाला आणि त्याबद्दल जिल्ह्यातच फारसे कुणी बोलत नाही, हे नवल. देशातल्या पाच राज्यांत २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले गेले. उपक्रम दिसायला अगदी साधा. डॉक्टरच्या मर्जीने वेगवेगळी औषधे लिहायची नाहीत. सुरुवात अॅम्लोडिपिनने, दाब उतरला नाही तर टेल्मिसार्टन, असा पायऱ्या ठरलेला एकच क्रम. औषधे मोजकी ठरल्यावर ती घाऊक आणि स्वस्तात विकत घेता येतात. पेशंटला एक कार्ड मिळते. महिन्याभराच्या गोळ्या एकदम देतात, म्हणजे मजुरी बुडवून दर आठवड्याला यायला नको. जो येत नाही त्याचे नाव यादीत वर येते आणि त्याला फोन जातो. वरचा आकडा १४० च्या खाली आणि खालचा ९० च्या खाली आला, की तो ‘आटोक्यात’ मोजायचा. किती तपासले यापेक्षा किती आटोक्यात आले, हा हिशेब सरकारी आरोग्य खात्यात तसा नवा होता. २०२२ मध्ये या उपक्रमाची संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर पुरस्कार देऊन दखल घेतली गेली.

सांगलीला तर या पद्धतीची रंगीत तालीम आधीच झाली होती. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचा विळखा सांगली, मिरज परिसराला घट्ट बसला. मीना शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ने गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या बायकांनाच निरोध वाटायला, एकमेकींना दवाखान्यात न्यायला उभे केले. २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. जन्मभराची गोळी, दर महिन्याची तारीख, कार्ड, आणि तारीख चुकली की पाठोपाठ शोध: आपल्या सरकारी व्यवस्थेला ही शिस्त एड्सने शिकवली. बीपी आणि साखरेचे पेशंट त्याहून कितीतरी अधिक, पण भीती नाही म्हणून घाईही नाही.

अडतो तो पैसा आणि खात्यांची विभागणी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळे मोफत झाले. पण सांगलीचे सिव्हिल मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. मोफतचा निर्णय त्या विभागाला लागू नव्हता. इस्लामपूरच्या सरकारी दवाखान्यात फुकट आणि जिल्ह्याच्या गावी पावती, हे पेशंटला कोण समजावणार? त्याच्या दृष्टीने सगळे ‘सरकारी’च.

देशाचा हिशेब पाहिला तर चित्र अगदीच निराशेचे नाही. आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. मात्र २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर न्यायचे ठरवले होते, तिथवर गाडी पोचलेली नाही. मोठे रुग्णालय उभे राहिले की कोनशिला बसते, फीत कापली जाते. उपकेंद्रात गोळ्यांचा साठा कधीच संपला नाही, याची कोनशिला बसवायची सोय नाही. राजकारण्यांना दोष देऊन मोकळे होण्याआधी या मांडवातल्या प्रत्येकाने आठवावे, की आपणही उद्‌घाटनालाच जातो.

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातला माणूस तापोळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात यायला लाँच पकडतो. पावसाळ्यात धुके आणि वारा असला की लाँच सुटत नाही. त्याच्यासाठी पाच लाखांचे संरक्षण ही दूरची गोष्ट. जवळची गोष्ट म्हणजे सिस्टरने दिलेल्या तीन पट्ट्या, दहा-दहा गोळ्यांच्या. ती हाताला पट्टा गुंडाळते, हवा भरते, आकडा कार्डावर लिहिते आणि पुढची तारीख सांगते. जूनमध्ये मात्र तो तीन नव्हे, सहा पट्ट्या मागतो. आषाढात लाँच चुकली तर काय, हा त्याचा प्रश्न, आणि सहा द्यायच्या तर तालुक्याहून तेवढा साठा आला आहे का, हा तिचा.