पिकअपचा वाढवलेला पाटा



आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल एका छोट्या पिकअपवर पेटते. गाडी मागून बसू लागली की आपण गॅरेजात जाऊन म्हणतो, "मेस्त्री, एक पाटा वाढवा." आज या एका वाक्याविषयीच बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड. माणूस, पण यातले निम्मे गणित आहे, म्हणून हे धाडस.

चार सारख्या पाट्यांत तसाच पाचवा घातला, तर ताठपणा साधारण पाव हिश्शाने वाढतो. जाडीचे मात्र तसे नाही. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ चा घन २१६ आणि ८ चा ५१२. म्हणजे ६ मिलिमीटरच्या जागी ८ चा पाटा घातला, तर तो एकटाच सव्वादोन पटींहून अधिक ताठ होतो. मुलांनो, घन कशासाठी शिकायचा असे वर्गात विचारता ना? मग अशी गाडी रिकामी असताना खड्ड्यात उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके पकड सोडतात.

पालकहो, पाट्याबरोबर एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची ताकद वाढत नाही. २००५ साली आलेला पहिला टाटा एस पाऊण टन मालासाठी बांधलेला होता. त्यात पाटा घालून दीड टन भरला, तर गाडी सरळ उभी दिसेल, इतकेच. मागून बसणे ही तिची तक्रार होती. ती आपण बंद केली. अनेक पिकअपना चासी आणि एक्सल यांमध्ये एक दांडी जोडलेली असते. गाडी किती बसली यावरून ती मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. पाट्याने गाडी उचलली की भरलेली गाडीही तिला रिकामी वाटते, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्याचे काम केल्यावर ही दांडी पुन्हा लावून घ्यायची असते. ते बहुधा राहून जाते. आणि घाटात ती गाडी आपलाच मुलगा उतरवीत असतो!

तेव्हा आधी वजनकाट्यावर जा. माल नोंदणीपुस्तकातील वजनात बसत नसेल, तर उपाय पाट्यात नाही. दुसरी खेप करा, नाहीतर मोठी गाडी घ्या. २०१९ पासून जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे. एवढ्यात दुसऱ्या खेपेचे डिझेल कितीदा तरी भागेल.

माल मापात असूनही गाडी बसत असेल, तर पाटे थकले आहेत. सपाट जागी दोन्ही बाजूंची उंची मोजा. तडा गेलेला पाटा, तुटलेला सेंटर बोल्ट, झिजलेले बुश पाहा. पाटे बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, आणि कंपनीच्याच मापाचे. पाट्यावर वेल्डिंग करू देऊ नका. त्या आचेने पोलादाचे पाणी उतरते. यू-बोल्ट नवे घाला, आणि दोन-चार खेपा झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्या.