अर्ध्या अवकलजाची गोष्ट



काशीतील मंगला गौरी व पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. याच काशीच्या संस्कृत महाविद्यालयात बापूदेव शास्त्री गणित शिकवीत. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (1150) मांडलेली ग्रहाची तात्कालिक गती म्हणजे अवकलनाचीच कल्पना होय, असे त्यांनी 1858 साली प्रतिपादिले.

अवकलज म्हणजे बदलाचा त्या क्षणीचा दर. तो एकदा काढता येतो, दोनदाही येतो. मग अर्ध्या वेळा? हा प्रश्न लोपिताल यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात निघाला, तेव्हा 1695 साली लायब्निट्झ यांनी कळविले की, यात विरोधाभास दिसतो. परंतु त्यातून पुढे कधीतरी उपयुक्त निष्कर्ष निघतील.

ते निघण्यास बराच काळ लागला. स्प्रिंगमधील ताण ती किती ताणली यावर अवलंबून असतो. तेथे अवकलनाची गरज नाही. पाण्याचा अंतर्गत विरोध त्याचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात यावर ठरतो. तेथे अवकलन एकदा होते. श्रीखंडाचा चक्का, रबडी, रक्त हे पदार्थ या दोहोंच्या मधले. न्यूटनचा साधा नियम त्यांना पुरत नाही. इंग्लंडमध्ये चीजचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट ब्लेअर यांनी 1940 च्या दशकात अशा पदार्थांसाठी शून्य व एक यांमधला अवकलज वापरला. तो अपूर्णांक पदार्थागणिक प्रयोगानेच ठरवावा लागतो.

या अवकलजाचे वैशिष्ट्य असे की, तो पदार्थाचा सारा पूर्वेतिहास हिशेबात घेतो. नुकत्याच घडलेल्याला अधिक वजन, जुन्याला कमी. पण शून्य कधीच नाही. उष्णतेचेही तसेच. घाटाची जाड दगडी पायरी उन्हात तापते, तेव्हा या घटकेला तिच्यात किती उष्णता शिरते हे पृष्ठभागाच्या आताच्या तापमानावरून कळत नाही. सकाळपासूनचे तापमान लागते. उष्णतावहनाच्या जुन्याच समीकरणातून हे नाते काढले, तर नेमका अर्धा अवकलज हाती येतो. दाट द्रवांचा प्रवाह आणि त्यांतील उष्णतेचे वहन यांची आजची अनेक गणिती प्रतिमाने याच पायावर उभी आहेत.

लायब्निट्झ यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. वर्गात एखादे मूल आपल्या मराठीत असाच विचित्र वाटणारा प्रश्न विचारते, तेव्हा शिक्षकाने आणि पालकाने एवढे तरी करावे. उत्तर आज आले नाही तरी चालेल. प्रश्न वहीत उतरवून ठेवावा.