भाजक आणि रंग : स्वागताध्यक्षीय भाषण



या नाशिकनगरीत आपले स्वागत करण्याचा मान मला मिळाला, तो माझ्या अधिकारापेक्षा या भूमीच्या पुण्याईचा भाग आहे असे मी समजतो; कारण येथून जवळच, देवळालीच्या शाळेत अध्यापन करणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद’ म्हटले. १७२९ घ्या : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे पुन्हा १७२९.

परंतु आपल्या परिषदेचा विषय डोळ्यांना दिसणारी विभाज्यता हा आहे, आणि त्याचे मूळ शोधू जाता पिंगलाच्या छंदःसूत्रावर दहाव्या शतकात हलायुधाने केलेल्या टीकेतील मेरुप्रस्तारापाशी आपण पोहोचतो. वरच्या दोन घरांची बेरीज खालच्या घरात लिहीत जावे, विषम घर शाईने भरावे, सम घर कोरे सोडावे. आठवी ओळ १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १ अशी सगळीच काळी होते. नवव्या ओळीत दोन टोके तेवढी काळी राहतात, आणि मधला कोरा पट्टा ओळीगणिक एकेका घराने आक्रसत उलटा त्रिकोण रेखतो, तो थेट सोळावी ओळ पुन्हा काळी होईपर्यंत. पोलिश गणिती शेर्पिन्स्की यांनी १९१५ साली वर्णिलेल्या त्रिकोणाचीच ही घडण. भाजक दोनाऐवजी तीन घेतला की सारी वीण पालटते.

मग यात चित्रकाराचे काय, असा आक्षेप घेतला जातो. माझ्या मते भाजकाची निवड, घराचा आकार आणि कोणत्या शेषाला कोणता रंग, एवढी मुखत्यारी कोणत्याही कलावंताला पुरेशी आहे. मात्र प्रत्येक शेषाला भडक रंग फासण्याचा मोह आवरला नाही, तर आकृती दिसण्याऐवजी बुजते, हेही नमूद केले पाहिजे.

१९६३ साली एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसले असता गणिती स्टानिस्लाव उलाम यांनी कागदावर संख्या सर्पिलाकार मांडल्या, आणि मूळ संख्या तिरप्या रेषांवर दाटलेल्या त्यांना आढळल्या. हा दाखला ध्यानी घेऊन समितीने प्रत्येक आसनावर चौकटीचा कागद व पेन्सिल ठेवण्याची तजवीज केली असून, तिचा उपयोग माझ्या भाषणापासूनच करण्यास पूर्ण मुभा आहे.

निवासाच्या बंदोबस्तात उणीव आढळल्यास कार्यालयात बिनदिक्कत कळवावे. आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून, अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत अशी विनंती करतो.