सर्पिल दीर्घिका भिंगाकार कशा होतात?

विश्वातील दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण अमेरिकन ज्योतिर्विद एडविन हबल यांनी १९२६ मध्ये मांडले. एका टोकाला बाहू नसलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका, दुसऱ्या टोकाला बाहू पसरलेल्या सर्पिल दीर्घिका, अशी ही मांडणी होती. या दोहोंना जोडणारा एक वर्ग असावा, असे अनुमान त्यांनी १९३६ मध्ये केले व त्यास ‘एस-शून्य’ अशी संज्ञा दिली. पुढे अशा दीर्घिका विपुल संख्येने आढळल्या. त्यांनाच भिंगाकार दीर्घिका म्हणतात. भिंगासाठी असलेल्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मसूर असा आहे. कडेने पाहिल्यास या दीर्घिका खरोखरच मसुरीच्या दाण्यासारख्या दिसतात.

श्रोतेहो, सर्पिल दीर्घिकेप्रमाणे यांनाही तबकडी असते, मध्यभागी फुगवटा असतो; परंतु बाहू नसतात, थंड वायू अत्यल्प असतो आणि नव्या ताऱ्यांचा जन्म जवळजवळ थांबलेला असतो. मग ही सर्पिल दीर्घिकांचीच उत्तरावस्था आहे काय? की यांचा जन्मच वेगळा? गेली कित्येक दशके हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे आहे.

वायू हेच बियाणे

तारे हायड्रोजन वायूच्या थंड मेघांतून जन्मतात. सर्पिल बाहूंचे तेज मुख्यतः निळ्या, तप्त ताऱ्यांमुळे असते, आणि असे तारे अल्पायुषी असतात. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे, तर या ताऱ्यांचे काही लाख ते काही कोटी वर्षांचे. बियाणे संपल्यावर शेत जसे पडीक राहते, तसे वायू संपताच बाहू मंदावतात. तांबूस, वृद्ध ताऱ्यांची गुळगुळीत तबकडी तेवढी शिल्लक उरते.

हा वायू जातो कोठे? दीर्घिकांच्या परस्पर टकरींत तो बाहेर फेकला जात असावा, असे लायमन स्पिट्झर व वॉल्टर बाडे यांनी १९५१ मध्ये सुचविले. १९७० मध्ये सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाच्या निरीक्षणांतून दीर्घिकासमूहांतून येणारे क्ष-किरण आढळले. समूहातील दीर्घिकांमधील पोकळी कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली आहे, हे त्यामुळे उमगले. १९७२ मध्ये जेम्स गन व रिचर्ड गॉट यांनी दाखविले की, सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने अशा वायूतून धावणाऱ्या दीर्घिकेला प्रचंड वाऱ्याला तोंड द्यावे लागते. तारे घन व परस्परांपासून दूर असल्याने ते जागीच राहतात. परंतु त्यांच्यामधील वायू मात्र उडून जातो. वाऱ्यात धान्य उपणताना दाणा राहावा आणि भूस उडावे, तसाच हा प्रकार.

कन्या राशीतील समूह आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तेथील एनजीसी ४५२२ या दीर्घिकेत हे वायुहरण प्रत्यक्ष चालू असलेले दिसते. दुसरा मार्ग सौम्य आहे. तबकडीतील वायू कायम राहतो. परंतु भोवतालच्या साठ्यातून होणारा नवा पुरवठा तुटतो आणि हाताशी असलेली शिदोरी हळूहळू संपते. ही कल्पना रिचर्ड लार्सन, बीट्रिस टिन्स्ले व नेल्सन काल्डवेल यांनी १९८० मध्ये मांडली.

परिसराचा पुरावा

त्याच वर्षी अ‍ॅलन ड्रेस्लर यांनी ५५ समूहांतील दीर्घिकांची पाहणी प्रसिद्ध केली. विरळ प्रदेशांत सर्पिल दीर्घिकांचे प्राबल्य, तर दाट वस्तीत भिंगाकार व लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे, असा नियम तीतून स्पष्ट झाला. १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या साहाय्याने दूरच्या, म्हणजेच प्राचीन काळातील समूहांचा अभ्यास झाला. त्यांत भिंगाकार दीर्घिका आजच्यापेक्षा बऱ्याच कमी व सर्पिल दीर्घिका अधिक आढळल्या. रूपांतराच्या बाजूने हा बळकट पुरावा होय.

तथापि सर्वच भिंगाकार दीर्घिकांना ही कथा लागू पडत नाही. काही अतितेजस्वी आहेत, त्यांचे फुगवटे मोठे आहेत. काही तर समूहांपासून दूर, एकाकी आढळतात. केवळ वायू गेल्याने फुगवटा मोठा होत नाही. त्यासाठी दीर्घिकांचे विलीनीकरण किंवा आरंभीच्या काळातील वेगवान घडण गृहीत धरावी लागते. या संदर्भात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील अजित केंभावी व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००७ मधील संशोधन महत्त्वाचे ठरते. तेजस्वी व मंद भिंगाकार दीर्घिकांत फुगवटा व तबकडी यांच्या आकारमानांचे परस्परसंबंध भिन्न असल्याचे त्यांना आढळले. मंद दीर्घिका सर्पिलांपासून झाल्या असाव्यात, तेजस्वींचा मार्ग मात्र निराळा असावा, असा त्याचा अर्थ निघतो. एकाच नावाखाली दोन वंश नांदत आहेत.

दीर्घिकांतील हायड्रोजनचा शोध २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींवरून घेता येतो. जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण अशा लहरींचा वेध घेऊ शकते. विश्वातील वायूच्या आयव्ययाचा हिशेब मांडण्याचे एक साधन अशा रीतीने पुणे जिल्ह्यातच उभे आहे.

शाळेत हबल यांची आकृती शिकविताना एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. तीत लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘आरंभीच्या’ व सर्पिलांना ‘उत्तरकालीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावरून वयाचा बोध घेऊ नये, असे स्वतः हबल यांनीच बजावले होते. अनेक दीर्घिकांच्या बाबतीत काळाचा ओघ नेमका उलटा, सर्पिलाकडून भिंगाकाराकडे वाहतो. आकृती ही दीर्घिकांची जन्मपत्रिका नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले, तर निरीक्षण आणि अनुमान यांतील भेदही त्यांना आपोआप कळेल.