दुसरी गोळी

मी डॉक्टर नाही. समाजकार्याची एम.ए. आहे, वय चौतीस. पाळी जाण्याबद्दल जे कळलं ते पुस्तकापेक्षा तुमच्याकडूनच. आज मात्र माझी एक चूक सांगणार आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींची पाळी गेली आणि अंगातून वाफा सुरू झाल्या. रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. पहिलीने वाफा थांबल्या. दुसरीने पोट फुगायचं, स्तन दुखायचे, मधूनच डाग लागायचे. "सुटले म्हटलं तर पुन्हा तेच!" असं त्या वैतागून म्हणाल्या. मी म्हटलं, त्रास होतोय तर ती गोळी सोडा.

नेमकी तीच गोळी गर्भपिशवीला राखते. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. अमेरिकेत १९६६ साली एका डॉक्टराने 'फेमिनिन फॉरएव्हर' नावाचं पुस्तक लिहून बायकांना कायमच्या तारुण्याचं आमिष दाखवलं. इस्ट्रोजेनचा खप वाढला, आणि १९७५ मध्ये हा धोका तिथल्याच अभ्यासांतून पुढे आला. हे मी नंतर वाचलं.

आठ महिन्यांनी मावशींना रक्तस्राव झाला. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी विसरणार नाही. कॅन्सर नव्हता.

मग डॉक्टरांनी जे केलं ते आधीही करता आलं असतं. प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलला, ते रात्री झोपताना घ्यायला सांगितलं, कारण त्याने गुंगी येते. इस्ट्रोजेनची गोळी बंद करून कातडीवर लावायचं जेल दिलं. गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, नेहमीच्या मात्रेतल्या जेलने तो वाढल्याचं दिसत नाही. मळमळ, स्तन दुखणं हे बहुधा तीनेक महिन्यांत कमी होतं. डागही सुरुवातीला लागतात. पण सहा महिन्यांनंतर लागले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर तपासणी हवीच. एक पाय सुजून दुखला, छातीत दुखलं, धाप लागली, तर थांबायचं नाही, तडक दवाखाना.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांना सहसा दुसरी गोळी लागत नाही. पण ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं, अंडाशयं ठेवली की नाही, हे आपल्याकडे कितीजणींना ठाऊक असतं? ते कागद घरी शोधा.

मावशी आज समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांग, पण मी तुझं ऐकलं होतं हेही सांग."