कोपऱ्यावरचें दुकान व त्यामागचें घर

नाशिकच्या सराफ बाजारांतून दहीपुलाकडे किंवा कापड पेठेकडे जातांना जेथें दोन गल्ल्या एकमेकींस मिळतात, तेथें पुष्कळदां एक जुनें दुकान लागतें. त्याचें एक तोंड रस्त्याकडे, दुसरें गल्लीकडे. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर घराची माडी. गिऱ्हाईक रस्त्याच्या बाजूनें येतें, घरचीं माणसें गल्लीच्या दारानें. अशा इमारतीस वारसा म्हणावें काय, हा प्रश्न हल्लीं विचारला जातो. पण तो बहुधा वाडा कोसळल्यावर विचारला जातो.

वारसा म्हटला कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कोरीव महिरपी उभ्या राहतात. तें सौंदर्य खरेंच आहे. परंतु या घराचें मोल दुकान आणि बिऱ्हाड यांच्या जोडणींत आहे. जुन्या वाड्याची रुंदी खणांत मोजीत; दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. रस्त्यालगतच्या खणांत दुकान, मागें कोठार, मग चौक, आणि चौकापलीकडे माजघर व स्वयंपाकघर. दुकानास लोखंडी शटर नसे. खांचेंत एकामागून एक सरकवावयाच्या लांकडी फळ्या असत. गादीवर बसलेल्या मालकास रस्ताही दिसे आणि चौकांतलें बोलणेंही ऐकूं येई. धान्य निवडणें, मसाला कुटणें, पुड्या बांधणें हें काम आंत घरच्या स्त्रियांच्या हातून होई, आणि खतावणींत त्याची एक ओळही सहसा लिहिली जात नसे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं चोपड्यांपुढें जो नैवेद्य येई, तो त्याच घराच्या चुलीवरचा असे. तांबटाच्या घरीं तर दुकान, भट्टी आणि बिऱ्हाड असा तिहेरी संसार एका छपराखालीं चाले. शेजाऱ्यांच्या कानांची कल्पनाच केलेली बरी!

या जोडणीची परीक्षा गोदावरीच्या पुरांत होते. पाणी किती चढलें, हें नाशिककर आजही दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. १९६९ सालचा महापूर जुन्या माणसांच्या तोंडीं अजून आहे. पुढें २००८, २०१६ आणि २०१९ या सालींही पाणी सराफ बाजारांत शिरलें. वर माडीवर निजणारा दुकानदार अपरात्रींही जिन्यानें माल वर चढवूं शकतो. ज्याचें बिऱ्हाड चार मैलांवरच्या वसाहतींत गेलें, त्याला सकाळीं चिखलच उपसावा लागतो.

याच बाजारालगत पेशवेकालीन सरकारवाडा आहे. तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालीं आहे, आणि तें योग्यच झालें. कोपऱ्यावरच्या दुकानास मात्र असा त्राता नाहीं. तें राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे, तेथें कोणी थोर पुरुष जन्मलाही नसेल. उलट त्याच्या वांट्यास भाडेनियंत्रणाचा कायदा आला. १९४७ सालच्या मुंबई कायद्यानें प्रमाणभाडें १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशीं बांधून टाकलें. महागाईच्या त्या दिवसांत भाडेकऱ्यास आधाराची गरज होतीच. पण दशकांमागून दशकें गेलीं आणि भाडें होतें तेथेंच राहिलें. २००० सालीं अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें वर्षास चार टक्के वाढ मान्य केली. परंतु मूळ आंकडाच नांवापुरता असेल तर त्याच्या चार टक्क्यांत एक कौलही येत नाहीं. मालक दुरुस्ती करीत नाहीं, कारण परवडत नाहीं. भाडेकरी जागा सोडीत नाहीं, कारण सोडली तर परत मिळण्याची शाश्वती नाहीं. भाऊबंदांच्या सह्या एकत्र होत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिकेच्या नोटिसा येतात, आणि भिजलेली मातीची भिंत कोणाची वाट पाहत नाहीं. जिच्याखालीं माणसें निजतात ती माडी केवळ जुनी म्हणून राखा, असें म्हणणें अर्थातच क्रूरपणाचें होईल.

मग भाड्याचें बंधन एकदम तोडावें काय? मलेशियांतील पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउन शहराचा अनुभव येथें पाहण्याजोगा आहे. तेथेंही खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. २००० सालच्या आरंभीं तेथील भाडेनियंत्रण उठलें, भाडीं वाढलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचीं अनेक कुटुंबें बाहेर पडलीं. २००८ सालीं युनेस्कोनें शहरास जागतिक वारसा म्हणून गौरविलें, तेव्हां दर्शनी भिंती शाबूत होत्या. पण पुष्कळ दारांमागें जुना दुकानदार उरला नव्हता.

नाशिकच्या घरांची दुरुस्ती मुळांत अशक्य नाहीं. सागवानी खांबाचा पाय ओलीनें कुजतो, वरचा भाग बहुधा ठणठणीत असतो. तुळईस टेकू देऊन तेवढाच तुकडा बदलतां येतो. जाणता सुतार मात्र हवा. त्याची मजुरी कोणी द्यावी हा खरा तंटा आहे. मालकास रास्त भाडें, भाडेकऱ्यास परत येण्याची लेखी हमी आणि खर्चांत सार्वजनिक निधीचा वांटा, एवढ्यावर तो मिटण्याजोगा आहे. तो मिटेपर्यंत वाडा उतरविला कीं नक्षीचे खांब जुन्या लांकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, दुकानाच्या फळ्या जळणांत जातात, आणि दुकानदार समोरच्या टपरींत तराजू मांडून नव्या इमारतीचा पाया भरला जाण्याची वाट पाहत बसतो.